मडक्याला भोक पाडू नका

"भोक नाही पाडलं, तर पाणी बाहेर येणार कसं?" दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत तळमजल्याच्या अंगणात कुणी झाडांना पाणी मिळावं म्हणून त्यांच्याजवळ मडकं पुरायला घेतलं की हा प्रश्न येतोच. विचारणारा मराठी असो, हरियाणवी असो की तमिळ, मडक्याच्या बुडाला खिळ्यानं किंवा ड्रिलनं भोक पाडायलाच हवं याबद्दल सगळ्यांचं एकमत असतं. मग भोक पाडलं जातं, मडकं पुरलं जातं, दुसऱ्या दिवशी ते रिकामं सापडतं आणि "हे मटका सिंचन वगैरे सगळं थोतांड आहे" असा निकाल लागतो. पद्धत बिचारी न वापरताच बदनाम होते, याचा मला खरंच राग येतो.

स्वयंपाकघरातल्या माठाकडे बघा. त्याला भोक नसतं, तरी उन्हाळ्यात त्याचं अंग ओलं असतं आणि खालची तिवईही ओलसर होते. भट्टीत भाजलेल्या, चकाकी न दिलेल्या मातीच्या भिंतीत असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून पाणी झिरपतं, बाहेर त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार राहतं. तोच माठ जमिनीत गळ्यापर्यंत पुरला की पाझरलेलं पाणी हवेत न जाता मातीत जातं. माती जितकी कोरडी, तितकी ती जोरानं पाणी ओढते. ओली झाली की ओढ कमी होते आणि पाझर मंदावतो. झाडाच्या मुळांनी पाणी उचललं की भोवतालची माती पुन्हा कोरडी पडते आणि ओढ पुन्हा वाढते. म्हणजे झाडाला लागेल त्या बेतानं पाणी सुटतं, आणि हे सगळं काम भिंत करते. भोक पाडलं की भिंतीला काही काम उरत नाही. पाणी सोप्या वाटेनं बुडातून निघून जातं आणि भाजीच्या उथळ मुळांच्या खाली उतरतं.

कुणाला हे माझं वैयक्तिक मत वाटत असेल, तर दिल्लीहून जेमतेम सव्वाशे किलोमीटरवरच्या कर्नालला केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था आहे. तिथल्या आर. सी. मंडल यांनी 1974 साली 'वर्ल्ड क्रॉप्स' या नियतकालिकात मडक्यांवरच्या शेतीबद्दल लिहिलं. खारवट जमिनीत आणि खारवट पाण्यावर भाजीपाला घेण्यासाठी त्या संस्थेत या पद्धतीवर पुढेही काम होत राहिलं. मडक्याभोवतीची माती सतत ओलसर राहते आणि क्षार ओलीच्या कडेला ढकलले जातात, हा त्यातला कळीचा मुद्दा. त्याहून कितीतरी जुना दाखला चीनचा आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या फान शेंग-ची यांच्या शेतीग्रंथात खड्ड्याच्या मधोमध सुमारे 6 लिटरचं मडकं पुरून भोवती खरबुजाच्या 4 बिया लावायला, तोंडावर कौल झाकायला आणि पातळी उतरली की मडकं पुन्हा भरायला सांगितलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांनाही भोक लागलं नाही.

मग हा समज आला कुठून? दुष्काळी भागात झाडांची रोपं जगवताना मडक्याला भोक पाडून त्यात सुताची किंवा चिंधीची वात घालतात आणि थेंबथेंब पाणी मुळाशी सोडतात. ती वेगळी पद्धत आहे, तिथे पाण्याचा वेग वात ठरवते. वात विसरून नुसतं भोक लक्षात ठेवलं की घोटाळा होतो. उलट नर्सरीतली मातीची कुंडी या कामासाठी वापरायची असेल, तर तिच्या बुडाचं आयतं भोक सिमेंटनं नीट बुजवावं लागतं.

भोकाखेरीज आणखीही काही समज ऐकू येतात. "कुठलंही मडकं चालतं." नाही. रंगवलेलं, पॉलिश केलेलं किंवा चकाकी दिलेलं मडकं पाझरत नाही. घेताना बाहेरून पाण्याचे दोन थेंब टाकून बघा. ते शोषले गेले तर मडकं कामाचं. उत्तम नगरच्या कुम्हार ग्रामात साधी, बिनरंगाची मडकी मागितली तर मिळतात.

"डास होतात." तोंड उघडं ठेवलं तर होणारच. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि महापालिकेचे तपासनीस कूलरसारखंच मडकंही बघतात. घट्ट बसणारं झाकण ठेवा. त्यानं बाष्पीभवनही थांबतं.

"एकदा पुरलं की वर्षानुवर्षं बघायला नको." दिल्लीच्या जड पाण्यातले क्षार छिद्रांत बसतात आणि पाझर कमी होत जातो. हंगाम संपला की मडकं काढून काथ्यानं घासून उन्हात वाळवावं. तरीही पाझरेना, तर नवीन आणावं.

"सत्तर-ऐंशी टक्के पाणी वाचतं." कशाच्या तुलनेत, हे आधी विचारा. भर उन्हात नळीनं वाफा भरण्याच्या तुलनेत बचत मोठी आहे. नीट चालवलेल्या ठिबकाच्या तुलनेत फरक थोडाच उरतो. पण ठिबकाला नळ्या, गाळणी आणि दाब लागतो. ठरावीक वेळी नळाला पाणी येणाऱ्या घरात बादलीनं मडकं भरणं सोपं पडतं. 2024 च्या मे महिन्यात पाण्याची टंचाई इतकी होती, की पाइपनं गाडी धुणाऱ्यांना दिल्ली सरकारनं 2,000 रुपये दंड जाहीर केला. अशा दिवसांत या सोयीची किंमत कळते.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. ओल मडक्याभोवती साधारण वीतभर, फार तर हातभर पसरते. भुसभुशीत वाळूत त्याहूनही कमी. टोमॅटो, वांगी, दोडका, कारलं, काकडी यांची रोपं त्या वर्तुळातच लावायची. बी उगवेपर्यंत वरून हलकं पाणी द्यावं लागतंच, कारण कोवळं मूळ अजून ओलीपर्यंत पोचलेलं नसतं. पावसाळ्यात मडकं रिकामं ठेवून झाकून टाकावं. आणि हिरवळीसाठी मडकी पुरू नयेत; तिची मुळं उथळ आणि सगळीकडे सारखी पसरलेली असतात, तिला इतकी मडकी लागतील की हिरवळ लावायला जागाच उरणार नाही.