समुद्रावर पोसलेले अरण्य

पर्जन्यवन म्हटले की आमच्या वाचकांच्या डोळ्यांसमोर सह्याद्रीचे सदाहरित रान उभे राहते. परंतु थंड हवेच्या प्रदेशांतही अशी वने आहेत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या किनाऱ्यावरील 'ग्रेट बेअर' हे त्यांपैकीच एक. सुमारे ६४ लाख हेक्टरांचा हा मुलूख. पॅसिफिकवरून येणारे ढग तेथील पर्वतांना अडतात आणि मुक्तहस्ते बरसतात. हजार वर्षांचे तांबडे सिडार, शेवाळाने मढलेले स्प्रूस आणि काळ्या अस्वलांच्याच कुळात क्वचित जन्मणारे शुभ्र अस्वल, हे या वनाचे वैभव होय.

या वैभवाचे एक मूळ मात्र समुद्रात आहे. सालमन मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत परतून तेथेच देह ठेवतो. अस्वले त्याला झाडीत ओढून नेतात. त्यांच्या तोंडून उरलेले मातीला मिळते. समुद्रातील नत्र या मार्गाने वृक्षांच्या खोडांत पोहोचते, असे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. वृक्षही उपकार विसरत नाहीत. त्यांच्या सावलीमुळे ओढ्यांचे पाणी माशांना मानवेल इतके थंड राहते.

दीर्घ संघर्षानंतर २०१६ च्या फेब्रुवारीत सरकार, मूळ रहिवासी आणि लाकूड कंपन्या यांच्यात समझोता जाहीर झाला व तेथील ८५ टक्के वनक्षेत्र व्यापारी तोडीपासून मुक्त झाले. हे अभिनंदनीयच. तथापि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बेला बेला गावाजवळ एक टगबोट खडकावर आदळून बुडाली. लाखाहून अधिक लिटर डिझेल समुद्रात गेले आणि हेल्टसुक जमातीच्या शिंपल्या वेचण्याच्या जागा नासल्या. पुढे २०१९ मध्ये कच्चे तेल वाहणाऱ्या मोठ्या जहाजांना त्या उत्तर किनाऱ्यावरील बंदरांची मनाई करणारा कायदा झाला. पण स्वतःपुरते डिझेल बाळगणारी टगबोट त्याच्या कक्षेत येत नाही.

देवराईवर कुऱ्हाड चालवू नये, ही शिकवण आमच्या पूर्वजांनी आम्हांला दिली. तिला आता एक पुस्ती जोडली पाहिजे, असे आम्हांस वाटते. कुऱ्हाड थांबली म्हणजे अरण्य वाचले असे नव्हे. ज्या पाण्यावर ते जगते ते पाणी निर्मळ राहिले, तरच ते वाचले.