घसा धरला? मेडिकलवर काय मागाल, काय सांगाल



रात्रीची लाईट म्हणून गारठ्यात दारं धरायची, दिवसा मळणीची धूळ खायची. हिवाळ्यात घसा धरायला एवढं पुरतं. गिळताना काटा टोचल्यागत होतं, आवाज बसतो. दवाखान्यात जायचं तर दिवस मोडतो. मग बाजाराच्या दिवशी आपण मेडिकलवर जातो आणि म्हणतो, "घशाची एखादी पावरफुल गोळी द्या."

मेडिकलवर जाण्यात चूक नाही. चूक आहे ती अशी गोळी मागण्यात.

औषध दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट असावा लागतो. बारावीनंतर किमान दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम करून तो तयार होतो. गोळी कशाची, किती घ्यायची, कोणी घेऊ नये, हे त्याला विचारायला पैसे पडत नाहीत. तेव्हा गोळीचं नाव सांगू नका, त्रास सांगा.

आधी कीड ओळखा

बहुतेक वेळा घसा विषाणूमुळे दुखतो आणि आठवडाभरात आपोआप बरा होतो. अमॉक्सिसिलिन, अझिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाहीत. करप्यावर कीटकनाशक मारून काय उपयोग?

नुसते पैसे वाया गेले असते तर गोष्ट वेगळी. बोंडअळी आठवा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधं सुरुवातीला हमखास चालली. पुढे गरज असो-नसो, तीच ती मारली आणि अमेरिकन बोंडअळी त्यांना दाद देईनाशी झाली. जिवाणूंचंही तसंच होतं.

पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 मध्ये नोबेल पुरस्काराच्या भाषणात नेमकं घसादुखीचंच उदाहरण दिलं होतं. एक माणूस घसा दुखतो म्हणून स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो आणि अपुरं घेतो. जिवाणू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच पुढे त्याच्या बायकोला लागतात. तिला न्यूमोनिया होतो, औषध चालत नाही आणि ती दगावते. चूक एकाची, जीव दुसऱ्याचा.

म्हणून ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्यानं मनाई आहे. काही प्रतिजैविकांची नोंद तर दुकानदाराला 2014 पासून वेगळ्या रजिस्टरात ठेवावी लागते. चिठ्ठी मागणारा मेडिकलवाला अडवणूक करत नाही, तो आपलं भलंच करतो. उलट कागदाच्या पुडीत चार रंगांच्या सुट्या गोळ्या कोणी दिल्या तर घेऊ नका. त्यात काय आहे, हे पुढे डॉक्टरलाही कळत नाही.

मेडिकलवर हे सांगा

1. दुखणं कोणाचं, वय किती, किती दिवस झाले.
2. ताप, खोकला, सर्दी आहे का.
3. बीपी, शुगर, दमा, पोटातला अल्सर किंवा लिव्हरचा आजार आहे का. बाई गरोदर आहे का.
4. सध्या कोणती औषधं चालू आहेत. रिकामी पाकिटं सोबत न्या.
5. पूर्वी कोणत्या औषधाची ॲलर्जी आली होती का.

साध्या घशाला पॅरासिटामॉल आणि चघळायच्या गोळ्या बहुधा पुरतात. मोठ्या माणसानं 500 मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसभरात आठच्या वर घेऊ नयेत. रोज दारू पिणाऱ्यानं त्याहून कमी, विचारूनच. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, म्हणून दोन्ही एकदम घेऊ नका. सर्दीच्या काही गोळ्यांनी झापड येते. ती घेऊन ट्रॅक्टर चालवू नका, विहिरीत उतरू नका.

घरी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा. विडी-तंबाखू बंद ठेवा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका.

इथं मेडिकल नको, डॉक्टरच

- श्वास घ्यायला त्रास, थुंकीही गिळवत नाही, तोंड उघडत नाही.
- तीन दिवसांनंतरही ताप उतरत नाही.
- घशात करडा पडदा दिसतो. हा घटसर्प असू शकतो.
- तीन आठवडे आवाज बसलेलाच आहे. तंबाखू खाणाऱ्यानं तर थांबूच नये.
- 5 ते 15 वर्षांच्या मुलाला घसादुखी आणि ताप आहे, गळ्याला दुखऱ्या गाठी आहेत, पण खोकला नाही.

हे शेवटचं नीट ध्यानात घ्या. हा जिवाणूचा घसा असू शकतो. उपचार राहिला तर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. इथं डॉक्टर प्रतिजैविक देतील. दोन दिवसांत बरं वाटलं तरी सांगितलेले सगळे दिवस गोळ्या पुऱ्या करा.

फवारणीनंतर घसा जळजळला तर

ही घसादुखी समजू नका. सोबत घाम, लाळ, मळमळ, अंधारी, अंग थरथरणं असेल तर विषबाधा समजा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अंगावरचे कपडे काढा, साबणानं अंग धुवा, 108 ला फोन करा आणि औषधाच्या डब्यासह सरळ दवाखाना गाठा.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या कारभाऱ्यांना विनंती, की प्राथमिक आरोग्य केंद्राची वेळ आणि 108 हा नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ठळक लिहावा. बाह्यरुग्ण विभाग केव्हा उघडा असतो हे ठाऊक असलं, तर चिठ्ठीसाठी कोणाचा दिवस मोडणार नाही.