अडीचशे परार्ध ते पाच दाणे

धानाच्या एका दाण्याचं वजन साधारण 25 मिलिग्रॅम. म्हणजे किलोत चाळीस हजार दाणे, आणि गोंदिया जिल्ह्यातल्या खरेदी केंद्रावर काट्यावर चढणाऱ्या 40 किलोच्या कट्ट्यात सोळा लाख. इथला शेतकरी खंडीत मोजो की क्विंटलात, दाणे कुणी मोजत नाही. आज मात्र दाण्यांतच मोजू या. कारण ज्या यंत्राबद्दल मला लिहायचं आहे ते एकेक कण मोजतं, आणि त्याच्या आकड्यांना हात लावायला गोंदियाचं धान हे मला सापडलेलं सगळ्यात सोयीचं माप आहे.

आपल्या भोवतालची एक घन सेंटीमीटर हवा घ्या. तिच्यात सुमारे 250 परार्ध रेणू असतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आता प्रत्येक रेणूच्या जागी धानाचा एक दाणा ठेवला तर? सव्वापाच हजार चौरस किलोमीटरचा अख्खा गोंदिया जिल्हा, तिरोड्यापासून देवरीपर्यंत, सालेकशापासून अर्जुनी-मोरगावपर्यंत, बांध्या, जंगलं, तलाव सगळं धरून, दोनशे मीटर उंचीच्या धानाखाली गाडला जाईल. जगभर वर्षाला साधारण 78 कोटी टन धान पिकतं. त्या हिशेबाने ही रास घालायला साऱ्या जगाला आठशे वर्षं लागतील. हे सगळं एका घन सेंटीमीटरात, बोटाच्या पेराएवढ्या जागेत.

मी म्हणतोय ते यंत्र म्हणजे परग्रहाकडे जाणारं आयन मास स्पेक्ट्रोमीटर, आणि ते अशा हवेत चालूच शकत नाही. आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू किंवा रेणू. त्याला दोन पावलं टाकायच्या आत दुसऱ्या रेणूची धडक बसते. म्हणून उपकरण आधी निर्वात कक्षात ठेवतात आणि पंप लावून हवा उपसत राहतात. दाब एक अब्जांश टॉरपर्यंत (टॉर हे दाबाचं एकक) उतरला की 76 हजार कोटी रेणूंमागे एक उरतो. आता त्या घन सेंटीमीटरात आपल्या मापाने वीस कट्टे शिल्लक आहेत. जिल्हाभर दोनशे मीटरचा थर होता, तिथे एका ट्रॅक्टर-ट्रॉलीचा माल. चंद्राच्या रात्रीच्या बाजूला, पृष्ठभागालगत, दोन लाख कणांच्या आसपास, म्हणजे पाच किलो. आणि सूर्यापासून सतत वाहणाऱ्या सौरवाऱ्यात, पृथ्वीच्या अंतरावर, पाच दाणे. पाच किलो नव्हे, पाच दाणे.

एवढ्या विरळ जागेत काय आहे, हे एकेका कणाचं वजन करून ओळखायचं. पाण्याचा रेणू धानाच्या दाण्यापेक्षा 8,300 परार्ध पटींनी हलका आहे. त्याला काट्यावर ठेवता येत नाही, पण पळवता येतं. आयनाला हजार व्होल्टचा रेटा दिला की हायड्रोजनचा आयन सेकंदाला 438 किलोमीटर वेगाने सुटतो आणि ऑक्सिजनचा जड अणू 110 किलोमीटर वेगाने. दहा सेंटीमीटर अंतर कापायला पहिल्याला 228 नॅनोसेकंद लागतात, दुसऱ्याला 910. हायड्रोजनच्या अणूच्या मापाने वजन 18 असलेलं पाणी आणि वजन 17 असलेला हायड्रॉक्सिल यांच्या पोहोचण्यात फरक पडतो 27 नॅनोसेकंदांचा. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा आठच मीटर जातो. दुसरी पद्धत चार दांड्यांची. त्यांच्यातलं विद्युतक्षेत्र झपाट्याने पालटत ठेवलं की ठरावीक वजनाचाच आयन सरळ पार होतो, बाकीचे दांड्यांवर आदळतात.

यंत्र बनवणं हे अर्धंच काम. ते सांगतंय ते किती खरं, हे ठरवण्याचं काम म्हणजे कॅलिब्रेशन, आणि इथले आकडे मला अवकाशातल्या अंतरांपेक्षा जास्त थक्क करतात. कक्षाच्या एका टोकाला आयनांचा स्रोत असतो. तिथून ठरावीक वायूचे, ठरावीक ऊर्जेचे आयन सोडतात. दुसऱ्या टोकाला उपकरण एका फिरत्या बैठकीवर बसवलेलं असतं. झोताची तीव्रता वेगळी मोजलेली असते. एक अँपिअर म्हणजे सेकंदाला 62 परार्ध विद्युतभार, पण इथे फेम्टोअँपिअरमध्ये काम चालतं. एक फेम्टोअँपिअर म्हणजे सेकंदाला जेमतेम 6,240 आयन. तेवढे पाठवले, त्यातले यंत्राने किती मोजले? आयन टिपणाऱ्या शोधकात सूक्ष्म नळ्यांनी भरलेल्या काचेच्या चकत्या असतात. एक आयन नळीत शिरला की दुसऱ्या टोकाला दहा लाखांच्या घरात इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, तेव्हा कुठे एक नोंद होते. सगळेच आयन ही नोंद उमटवत नाहीत. शंभरातले किती उमटवतात, ते आयनाच्या जातीप्रमाणे, वेगाप्रमाणे आणि येण्याच्या कोनाप्रमाणे बदलतं.

समजा, पाच जातींचे आयन, वीस ऊर्जा, आडव्या दिशेचे बारा कोन आणि उभ्या दिशेचे पंधरा. झाल्या अठरा हजार जोड्या. प्रत्येकीला एक मिनिट दिलं तरी 300 तास, म्हणजे साडेबारा दिवस अखंड. आणि मिनिट पुरतं का? यादृच्छिक येणाऱ्या कणांची मोजणी एक टक्क्यापर्यंत खात्रीची हवी असेल तर 10,000 नोंदी लागतात. दहा पट अचूकता हवी असेल तर शंभर पट, म्हणजे 10 लाख. सेकंदाला एकच आयन येत असेल तर 10 लाख नोंदींना साडेअकरा दिवस लागतील, आणि तेही एकाच जोडीसाठी. यातून सुटका नाही. प्रत्येक ठिकाणी किती थांबायचं आणि कुठे भागवून घ्यायचं, हे ठरवण्यातच या कामाचं कसब आहे.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. 14 नोव्हेंबर 2008 च्या रात्री चांद्रयान-1 पासून चंद्रावर आदळणारा प्रोब सुटला. त्यावर तिरुवनंतपुरमच्या अवकाश भौतिकी प्रयोगशाळेचं ‘चेस’ हे चार दांड्यांचं मास स्पेक्ट्रोमीटर होतं. शंभर किलोमीटर उंचीपासून दक्षिण ध्रुवाजवळच्या शॅकलटन विवराच्या परिसरापर्यंत, खाली कोसळताना, सुमारे 25 मिनिटं त्याने चंद्राच्या विरळ वातावरणाचं वजन केलं आणि मग ते चंद्रावर फुटून गेलं. त्या वेळेत काही चुकलं असतं तर पुन्हा मोजायला यंत्रच उरलं नव्हतं.

त्या नोंदींत 18 वर शिखर दिसलं. पाण्याचं वजन 18. पण गोष्ट इतकी सरळ नसते. असं यंत्र रेणूंवर इलेक्ट्रॉन मारून त्यांचे आयन करतं, आणि त्या माऱ्यात रेणू फुटतात. पाण्याच्या शंभर आयनांमागे वीस-बावीस 17 वर दिसतात आणि थोडे 16 वर. अमोनियाचंही वजन 17 आणि मिथेनचं 16. कार्बन डायऑक्साइड 44 वर दिसतो, पण त्याचे तुकडे 28, 16 आणि 12 वर पडतात. म्हणून जमिनीवर एकेक शुद्ध वायू सोडून त्याची तुकड्यांची ठेवण आधीच नोंदवून ठेवावी लागते. शिवाय पाणी हा या धंद्यातला सगळ्यात चिवट पाहुणा. पृथ्वीवर धातूच्या पृष्ठभागाला बिलगलेला त्याचा थर महिनोन्‌महिने सुटत राहतो. 18 च्या शिखरातलं चंद्राचं किती आणि यानाने घरून सोबत नेलेलं किती, हे वेगळं काढल्याशिवाय ‘पाणी सापडलं’ हे वाक्य लिहिता येत नाही.

बारकाव्याची परमावधी युरोपच्या रोझेटा यानावर झाली. त्यावरच्या रोसिना उपकरणाला 67पी या धूमकेतूभोवती नायट्रोजन शोधायचा होता. नायट्रोजनचा रेणू 28.0061 वजनाचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा 27.9949. आपल्या मापात सांगायचं तर 40 किलोच्या कट्ट्यामागे 16 ग्रॅमचा फरक, साडेसहाशे दाण्यांच्याही आतला. रोझेटा 2004 च्या मार्चमध्ये निघालं आणि ऑगस्ट 2014 मध्ये पोहोचलं. दहा वर्षांत शोधकाची झीज होते, म्हणून स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठात रोसिनाचं जुळं भावंड ठेवून त्यावर कॅलिब्रेशन चालू ठेवलं होतं. नायट्रोजन सापडला. त्याच यंत्राने धूमकेतूच्या पाण्यातला जड हायड्रोजनही मोजला. गोंदियातल्याच नवेगाव बांधच्या तलावातल्या पाण्यात, पृथ्वीवरच्या बहुतेक पाण्याप्रमाणे, 6,400 च्या आसपास साध्या हायड्रोजनमागे एक जड असतो. 67पी वर तो 1,900 मागेच एक निघाला. पृथ्वीचे समुद्र अशा धूमकेतूंनी भरले असतील का, या जुन्या प्रश्नाला त्या एका गुणोत्तराने जोराचा धक्का दिला.

आता पुन्हा त्या पाच दाण्यांकडे. सौरवारा विरळ आहे खरा, पण सेकंदाला चारशे किलोमीटर वेगाने वाहतो. त्यामुळे एक चौरस सेंटीमीटर जागेवर दर सेकंदाला 20 कोटी प्रोटॉन आदळतात: सव्वाशे कट्टे, सेकंदाला. चंद्राला ना दाट हवा ना चुंबकीय ढाल. हा मारा थेट त्याच्या धुळीवर होतो. ती धूळ इतकी सच्छिद्र की प्रोटॉन तिच्यात जवळजवळ सगळे मुरतात, असाच समज होता.

चांद्रयान-1 वर ‘सारा’ नावाचं उपकरण होतं. ते स्वीडनच्या किरुना इथली अवकाश भौतिकी संस्था आणि तिरुवनंतपुरमची प्रयोगशाळा यांनी, बर्न आणि जपानच्या शास्त्रज्ञांसह केलं. त्यातला एक संवेदक सौरवाऱ्याचे आयन मोजी, दुसरा चंद्रावरून उसळून येणारे विद्युतभार नसलेले अणू. 2009 मध्ये निष्कर्ष आला: आदळलेल्या प्रोटॉनपैकी वीस टक्क्यांपर्यंत हायड्रोजनचे अणू होऊन परत फिरतात. सव्वाशे कट्ट्यांमागे पंचवीस परत.

हा आकडा थेट मोजलेला नाही. शोधकावर उमटलेल्या नोंदींना त्याच्या कार्यक्षमतेने भागून तो येतो, आणि ती कार्यक्षमता प्रयोगशाळेत, कोन बदलत, ऊर्जा बदलत काढलेली. तिथे ती दुपटीने चुकली असती तर वीसचे दहा झाले असते किंवा चाळीस, आणि ती चूक साराच्या नोंदींतून कुणाला दिसली नसती. चांद्रयान-1 शी संपर्क 29 ऑगस्ट 2009 रोजी तुटला. साराचा वीस टक्के हा आकडा प्रयोगशाळेतल्या त्या कॅलिब्रेशनवर उभा आहे.