शंकर नावाचे तीन शास्त्रज्ञ

नील्स हे डेन्मार्कमधील जुने, रुळलेले नाव. नील्स फिन्सन (१९०३), नील्स बोर (१९२२) व नील्स येर्ने (१९८४) या तिघांनाही नोबेल पारितोषिक मिळाले. विद्यार्थी मित्रांनो, आपल्याकडील 'शंकर' हे नाव असेच आहे.

शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) काही वर्षे सोलापूर जिल्ह्यात बार्शीला शिक्षक होते. शिक्षकाची नोकरी सांभाळून त्यांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (१८९६) हा ग्रंथ मराठीत सिद्ध केला. शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांनी छपाईचे खिळे ओतणारे यंत्र तयार केले. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर (१८८४–१९६०) हे पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे (१९४६) संस्थापक-संचालक.

नाव आईवडील ठेवतात. ते सार्थ मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते.