सीबीडीच्या अर्कात काय ठेवलं, काय काढलं?

सीबीडी तेलाच्या बाटलीवर फुल-स्पेक्ट्रम, ब्रॉड-स्पेक्ट्रम किंवा आयसोलेट यांपैकी एक शब्द छापलेला असतो. विकणारे ही नावं दर्जाच्या पायऱ्या असल्यासारखी सांगतात. प्रत्यक्षात अर्कात काय राहू दिलं आणि काय काढून टाकलं, एवढंच त्यांवरून कळतं.

भांगेच्या मादी फुलांवर सूक्ष्म ग्रंथी असतात. त्यांच्या चिकट स्रावात शंभराहून अधिक कॅनाबिनॉइड सापडली आहेत. कॅनाबिडिओल म्हणजे सीबीडी आणि नशा आणणारं टीएचसी ही त्यांतली दोन. दोघांतही कार्बनचे 21, हायड्रोजनचे 30 आणि ऑक्सिजनचे 2 अणू. वेगळी आहे ती फक्त त्यांची जोडणी. सीबीडीची रचना इस्राएलमध्ये रफाएल मेशुलाम यांनी 1963 मध्ये उलगडली.

कार्बन डायऑक्साइड 31 अंश सेल्सियस आणि वातावरणाच्या सुमारे 73 पट दाबाच्या पुढे नेला, की तो वायूसारखा सगळीकडे शिरतो आणि द्रवासारखा विरघळवतो. तो वाळलेल्या फुलांच्या भरडीतून फिरवतात. काही ठिकाणी त्याऐवजी इथेनॉल वापरतात. हाती येतो तो काळपट, दाट अर्क. त्यात मेणही उतरलेलं असतं. म्हणून तो अल्कोहोलमध्ये विरघळवून उणे 20 अंशांच्या आसपास ठेवून देतात. थंडीने मेण साकळतं, द्रव गढूळ होतो आणि मग मेण गाळून काढता येतं. अल्कोहोल उडवल्यावर जे उरतं ते फुल-स्पेक्ट्रम. त्यात सीबीडी, सुगंधी टर्पीन आणि थोडं टीएचसीही असतं.

आयसोलेटमध्ये याच अर्कातून सीबीडीचे पांढरे स्फटिक वेगळे करतात. उसाच्या रसाचा गूळ करावा की साखर, तसाच हा फरक आहे. ब्रॉड-स्पेक्ट्रममध्ये बाकीचं ठेवून फक्त टीएचसी काढायचं असतं, आणि हेच सर्वांत कठीण. दोन्ही रेणू इतके सारखे, की नुसत्या ऊर्ध्वपातनाने ते नीट सुटे होत नाहीत. क्रोमॅटोग्राफी करावी लागते. त्यामुळे ‘टीएचसी नाही’ या दाव्यावर प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय विश्वास ठेवू नये.

अमेरिकेत 2018च्या कायद्याने हेम्प, म्हणजे कमी टीएचसीच्या भांगेच्या पिकात 0.3 टक्क्यांपर्यंत टीएचसीला मुभा दिली. आकडा किरकोळ वाटतो. पण 30 ग्रॅम तेलात 0.3 टक्के म्हणजे 90 मिलिग्रॅम टीएचसी. असं तेल रोज घेणाऱ्याच्या लघवीच्या तपासणीत ते सापडू शकतं.

सगळे घटक एकत्र असले की परिणाम वाढतो, असं फुल-स्पेक्ट्रमचे समर्थक सांगतात. कल्पना आकर्षक आहे. माणसांवरचा पुरावा मात्र तोकडा आहे. भक्कम चाचण्या झाल्या आहेत त्या शुद्ध सीबीडीच्या. त्यापासून बनवलेल्या ‘एपिडिओलेक्स’ या औषधाला अमेरिकेत 2018 मध्ये ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या लहानपणी सुरू होणाऱ्या दुर्धर अपस्मारांसाठी मान्यता मिळाली. तिळाच्या तेलातल्या या औषधाच्या दर मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम सीबीडी असतं. नेहमीची मात्रा दर किलो वजनामागे दिवसाला 10 मिलिग्रॅम, म्हणजे 20 किलोच्या मुलाला 200 मिलिग्रॅम. बाजारातली 1000 मिलिग्रॅमची बाटली या हिशेबाने पाच दिवसांत संपेल. मग दिवसाला चार थेंब घेऊन झोप, सांधेदुखी, चिंता सगळं बरं होईल, या जाहिरातींवर विश्वास कसा ठेवायचा?

शिवाय लेबलवरचा आकडा खरा असेलच असं नाही. अमेरिकेत 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ऑनलाइन घेतलेल्या 84 उत्पादनांपैकी फक्त 26 मध्ये सीबीडीचं प्रमाण लेबलशी जुळलं. 18 उत्पादनांत टीएचसी सापडलं.

भारतात 1985च्या एनडीपीएस या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार भांगेचा फुलोरा म्हणजे गांजा. फुलोऱ्याविना असलेली पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळे इथे पानांचा अर्क आयुर्वेदातल्या ‘विजया’ या नावाने विकला जातो. हेम्पच्या बियांचं तेल ही वेगळी वस्तू. ते खाद्यतेल आहे, त्यात सीबीडी जवळजवळ नसतंच.

सीबीडी यकृतातल्या काही विकरांना अडवतं, त्यामुळे वॉरफॅरिन किंवा क्लोबाझाम यांसारख्या औषधांचा परिणाम वाढू शकतो. अशी गोळी चालू असेल, तर बाटली कोणत्याही प्रकारची असो, आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा.