जिभेवर विष, नळीत उजेड

फेब्रुवारी २०२४मध्ये तमिळनाडूने ‘बुढ्ढी के बाल’च्या विक्रीवर बंदी घातली, मार्चमध्ये कर्नाटकाने रंगीत गोबी मंचुरियनलाही चाप लावला आणि रोडामाइन-बी हे नाव घरोघर पोचलं. बंदी योग्यच आहे. कापड-कागदाचा हा रंग पोरांच्या खाऊत मिसळणाऱ्यांची गय नको. पण या गदारोळात रंगालाच खलनायक ठरवलं गेलं, ते मला पटत नाही.

जत्रेत मिळणारी चमकणारी कांडी घ्या. ती वाकवली की आतली काचेची कुपी कट्कन फुटते; हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऑक्झलेट एस्टर एकत्र येतात. त्यातून क्षणभर टिकणारं, ऊर्जेने भरलेलं संयुग तयार होतं. ते मोडून कार्बन डायऑक्साइड होताना सुटणारी ऊर्जा शेजारचा रंगाचा रेणू घेतो आणि उजेड म्हणून बाहेर टाकतो. अभिक्रिया तीच, उजेड कुठल्या रंगाचा, हे रंगद्रव्य ठरवतं. डायफिनाइल अँथ्रासीन निळं चमकतं. त्याचा मधला सांगाडा आणि दोन बाजूंची कडी यांच्यामध्ये कार्बनचा एकेक तिहेरी बंध बसवला, की इलेक्ट्रॉनांना फिरायला ऐसपैस जागा मिळते आणि निळ्याचं हिरवं होतं! रसायनशास्त्रात इतकी देखणी गोष्ट मी क्वचितच पाहिली आहे. रुब्रीनने पिवळा-नारिंगी उजेड मिळतो. लाल उजेड देतं ते हेच बदनाम रोडामाइन-बी. कांडीतल्या मिश्रणात मात्र ते फार काळ तग धरत नाही.

हे सगळं सुरू झालं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये. एडविन चँड्रॉस यांनी ऑक्झॅलिल क्लोराइड, पेरॉक्साइड आणि रंगद्रव्य एकत्र केलं आणि मंद उजेड पडला. पुढे अमेरिकन सायनामिड कंपनीत मायकेल राउहट आणि सहकाऱ्यांनी चांगले एस्टर शोधून तो विकण्याजोगा प्रखर केला. बाजारात नाव झालं ‘सायल्यूम’चं. चँड्रॉस यांचं नाव मात्र रसायनशास्त्राच्या वर्गाबाहेर फारसं कुणी घेत नाही, याची मला खंत वाटते. या उजेडाला ठिणगी नाही, आच नाही, बॅटरी नाही. म्हणून ही कांडी पाणबुड्यांना आणि बचाव पथकांना इतकी उपयोगी पडते.

तेव्हा भडक गुलाबी मिठाई घेऊ नका. आणि मुलांच्या हातात अशाच कांडीची चमकती बांगडी दिलीत, तर ती चावू देऊ नका. आतला द्राव डोळ्यांत गेला, तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.