मिळून वाचणारा मुलूख

भातलावणी उरकलेली असते, होड्या अजून पुरत्या दर्यात उतरलेल्या नसतात आणि बाहेर पाऊस धरून बसलेला असतो. पालघरच्या किनारपट्टीवर श्रावणात पोथी लागायची ती अशा दिवसांत. रात्रीची जेवणं आटोपली की माणसं ओटीवर जमायची. एक जण ओवी वाचायचा, दुसरा अर्थ लावून सांगायचा आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी मध्येच थांबवून विचारायचं, ‘पण कृष्णानं असं का केलं?’ मग पोथी बाजूला राहायची आणि वाद रंगायचा. श्रीधर कवीचे ‘हरिविजय’ (१७०२) आणि ‘पांडवप्रताप’ (१७१२) हे ग्रंथ मराठी घराघरांत पोचले ते असे, कानांवाटे. अक्षर ओळखणारा गावात एखादाच असला तरी ग्रंथ साऱ्या आळीचा असायचा.

वाचन कमी झालं, अशी तक्रार गेली वीस-पंचवीस वर्षं सगळीकडे ऐकू येते. पालघर-बोईसरचा पट्टाही तिला अपवाद नाही. पण इथल्या शे-सव्वाशे वर्षांचा मागोवा घेतला तर एक गोष्ट लख्ख दिसते. या भागात पुस्तक रुजलं ते चारचौघांत. जिथे वाचलेलं बोलून दाखवायला समोर माणूस होता तिथे वाचन टिकलं, आणि जिथे तो माणूस उठून गेला तिथे पुस्तकांवर धूळ साचली.

पालघरच्या महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे त्या सोनोपंत दांडेकरांपासूनच सुरुवात करता येईल. शंकर वामन दांडेकर यांचा जन्म १८९६ सालचा, माहीमचा. हे माहीम मुंबईचं नव्हे, केळव्याशेजारचं. पुण्याला ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले, पुढे स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पण विष्णुबुवा जोगांचे शिष्य म्हणून त्यांचा पाय वारकऱ्यांच्या फडातच राहिला. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था सुरू केली तेव्हा त्यांच्या साथीदारांत सोनोपंत होते. त्यांनी संपादित केलेली सार्थ ज्ञानेश्वरी १९५३ साली निघाली आणि आजही असंख्य घरांत तीच प्रत पारायणाला घेतली जाते. आधी मूळ ओवी आणि लगेच तिचा सोप्या मराठीतला अर्थ, ही तिची मांडणी. पोथी वाचणारा आणि अर्थ सांगणारा अशी जी दोन माणसं ओटीवर बसायची, ती जणू या ग्रंथात एकत्र आली.

दुसरी मोठी घडामोड १९४५ सालची. त्या एका वर्षात या भागात तीन गोष्टी घडल्या. मे महिन्यात तलासरीजवळच्या झरीला हजारो वारली जमले आणि वेठबिगारीला नकार देण्याची शपथ घेतली गेली. त्याच वर्षी के. जे. सावे यांचं ‘द वारलीज्’ हे पुस्तक मुंबईहून प्रसिद्ध झालं. वारल्यांचे देव, लग्नं, रीतीभाती यांची तपशीलवार नोंद त्यात होती, पण पुस्तक इंग्रजीत होतं; ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना ते वाचता येणं शक्यच नव्हतं. आणि वर्ष सरता सरता ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

कोसबाडला पहिली अडचण आली ती मुलंच शाळेत न येण्याची. सात-आठ वर्षांचं मूल घरातलं कमावतं माणूस असे. सकाळी गुरं घेऊन रानात जाई. तेव्हा शाळाच गुरांमागे गेली. कुरणशाळा म्हणतात ती हीच. गुरं चरत असत आणि झाडाखाली शिक्षक आणि मुलं बसत. बिया, शिंपले, पानं, खडे मांडून मोजणी व्हायची, गाणी व्हायची, गोष्ट व्हायची. गोष्ट सांगणारा एक आणि पुढे काय झालं ते विचारणारे अनेक. वारली मुलांना ही रीत परकी नव्हती. त्यांच्या घरच्या लग्नात धवलेरी, म्हणजे लग्नगाणी गाणाऱ्या बाया, भिंतीवर रेखलेल्या चौकाशेजारी बसून गाणी म्हणत, भगत कणसरी या धान्यदेवीची कथा गात. अक्षर नवं होतं, मिळून ऐकणं जुनं होतं. ताराबाई आणि अनुताईंना हे नेमकं उमगलं होतं, म्हणून तिथलं शिक्षण पुस्तकाच्या आधी गोष्टीपासून सुरू झालं. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. या सगळ्या धडपडीची हकिगत अनुताईंनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात लिहून ठेवली आहे.

झरीच्या सभेमागे ज्या होत्या त्या गोदावरी परुळेकर. त्यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली आलं आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सावे यांच्या पुस्तकानंतर पाव शतकानं वारली माणूस मराठी पुस्तकात आला, आणि तो स्वतःचा निर्णय घेणारा माणूस म्हणून आला. डहाणू, तलासरी, तलवाडा ही नावं महाराष्ट्रभरच्या वाचकांच्या तोंडी गेली.

याच सुमारास वाचनाचं रूपडं बदलत होतं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले, अनुदान सुरू झालं. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची १८९३ पासूनची परंपरा जिल्ह्याच्या ठिकाणी होतीच. आता गावोगावी वाचनालयं उभी राहू लागली. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं, पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली आणि बोईसरला घाटावरून, खानदेशातून, विदर्भातून माणसं येऊन राहिली. तीन पाळ्यांत चालणाऱ्या या गावात संध्याकाळ सगळ्यांची एकाच वेळी होत नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला कथाकीर्तनाला जाणं जमत नसे, पण वाचनालयातून आणलेली कादंबरी उशाशी ठेवता येई.

त्या काळच्या वाचनालयाचं चित्र अनेकांच्या डोळ्यांपुढे असेल. लाकडी टेबल, सभासदांचं जाडजूड रजिस्टर, पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी आणि जांभळ्या शाईचा शिक्का. ‘मृत्युंजय’सारख्या कादंबरीला नंबर लावावा लागे. पुस्तकात खुणा करू नयेत अशी पाटी असायची, तरीही शेवटच्या कोऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं असे, ‘जरूर वाचा’. खाली दुसऱ्या अक्षरात, ‘शेवट पटला नाही’. त्याखाली तिसऱ्याचं उत्तर. ही माणसं एकमेकांना कधी भेटलेली नसत. नियम मोडून का होईना, वाचकांना एकमेकांशी बोलायचंच होतं, हे त्या पानांवरून कळतं.

मिळून वाचण्याची रीत या काळात विरळ झाली, पण तुटली नाही. बौद्ध वस्त्यांमध्ये आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा बाबासाहेब आंबेडकरांचा ग्रंथ विहारात रोज थोडा थोडा वाचला जातो. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ मराठीत आला आणि सामुदायिक वाचनाचा झाला. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, मग प्रश्न येतात. तीन महिन्यांत एक मोठा ग्रंथ पुरा होतो, आणि तो पुरा करणाऱ्यांत दिवसभर कारखान्यात किंवा घरकामात राबलेली माणसं असतात.

मग टीव्ही आला, वाहिन्या आल्या, हातात फोन आला. डहाणूपर्यंत उपनगरी लोकल १६ एप्रिल २०१३ला धावू लागली आणि मुंबईची नोकरी आणखी जवळ आली. पण चर्चगेटपासून बोईसर शंभर किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन दिवसातले चार-पाच तास गाडीतच. पूर्वी शटलच्या डब्यात घडी घातलेलं वर्तमानपत्र पाच हातांतून फिरायचं आणि अग्रलेखावर विरारपर्यंत चर्चा चालायची. आता प्रत्येकाच्या कानात आपापली वायर आली. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला. नवी कार्यालयं आली, इमारती वाढल्या. वाचनालयांतली गर्दी मात्र बहुतांशी स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासापुरती राहिली.

जिल्ह्यातल्याच नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यानंतर दोनच महिन्यांत टाळेबंदी लागली आणि राज्यातल्या ग्रंथालयांना कुलपं लागली. ती उघडायला परवानगी मिळाली १५ ऑक्टोबर २०२०ला, डॉ. कलामांच्या जयंतीला, म्हणजे वाचन प्रेरणा दिनाला. मधल्या सात महिन्यांनी एक गोष्ट शिकवली. कपाटातली पुस्तकं हाताशी असूनही वाचन होईना, असं सांगणारे अनेक जण होते. आणि रोज ठरल्या वेळी फोनवर पाच-सहा जणांनी मिळून एकेक प्रकरण वाचायला घेतल्यावर जाडजूड कादंबरी पुरी झाली, असं सांगणारेही होते. अभिवाचनाला तेव्हापासून नवा बहर आला.

त्याआधीही मिळून वाचण्याचे धागे विणले जात होते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. पुस्तकांची पेटी एका गटाकडे जाते, गटातले लोक ती आपसांत वाचतात आणि मग पेटी बदलते. पेटी एका घरात असली तरी पुस्तक मागायला शेजाऱ्याचं दार वाजवावं लागतं, आणि दार वाजलं की बोलणं होतं. भिलार २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं. शाळा-कॉलेजांतून, सोसायट्यांतून वाचनकट्टे भरू लागले. महिन्यातून एकदा जमायचं, एकच पुस्तक सगळ्यांनी वाचून यायचं, आणि ज्याला आवडलं नाही त्यानंही का ते सांगायचं, एवढाच नियम.

कारखान्यांच्या गावाला जगातलं एक उदाहरण फार जवळचं वाटावं. क्यूबातल्या हवाना शहरात १८६५ साली सिगार वळणाऱ्या कामगारांनी आपल्या वर्गणीतून एक वाचक नेमला. तो उंच बैठकीवरून सकाळी वर्तमानपत्र आणि मग कादंबरी वाचून दाखवी; कोणती कादंबरी घ्यायची ते कामगार मत देऊन ठरवत. ही प्रथा तिथे आजही आहे. बोईसरच्या यंत्रांच्या आवाजात असं वाचन जमणार नाही, पण जेवणाच्या सुट्टीत, युनियनच्या खोलीत, कॉलनीच्या हॉलमध्ये जमू शकतं.

मिळून वाचल्यानं काय हाती लागतं, याची परीक्षा घ्यायची तर ‘जेव्हा माणूस जागा होतो’ घेऊन इथे बसावं. एकट्यानं वाचलं तर तो इतिहास आहे. पालघरला दहा जणांत वाचलं तर त्यात एखाद्याचे आजोबा शपथ घेणाऱ्यांत निघतात, एखाद्याचे जमीन असणाऱ्यांत, आणि तिसरा कालपरवा या भागात आलेला असतो, त्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. मजुरी, जंगल, जमीन यांबद्दल जे शेजारी एरवी बोलत नाहीत ते पुस्तकाच्या निमित्तानं बोलतात. कुणाचं मत बदलेलच असं नाही. पण पुढच्या महिन्याचं पुस्तक ठरवायला ते पुन्हा येतात.

इथल्या वाचनकट्ट्यांपुढची कामं अगदी व्यवहाराची आहेत. रविवारी सकाळी बैठक ठेवली की पाळीवाले सुटतात, संध्याकाळी सातला ठेवली की लोकलवाले पोचत नाहीत. तेव्हा महिन्यात दोन वेगळ्या वेळा हव्यात. एका पुस्तकाच्या चार-पाच प्रती वाचनालयांनी घेतल्या तर गटाला वाट पाहावी लागणार नाही. आणि ज्यांना मराठी वाचणं जड जातं त्यांच्यासाठी कुणीतरी मोठ्यानं वाचायला हवं. तलासरी-डहाणूच्या पाड्यांवर वाचून दाखवणारा वारली बोलीतूनच अर्थ सांगणारा असेल तर सावे यांचं इंग्रजी पुस्तकही अखेर त्या ओसरीवर पोचेल, आणि त्यात काय चुकलं ते सांगणारी माणसं समोरच बसलेली असतील.